आर्ट पेपरवरील इंकजेट प्रिंटचे पोपडे सुटणे : निदान, कारणे आणि उपाय

कागदवेडा (धागालेखक)

आर्ट पेपरवर (म्हणजे कलात्मक प्रिंटसाठीच्या, वरून लेप चढवलेल्या, बहुधा कापसाच्या कागदावर) काढलेल्या इंकजेट प्रिंटमध्ये, विशेषतः काळ्या किंवा गडद निळ्या भागात, बारीक पांढरे ठिपके दिसू लागले की बहुतेक जण आधी प्रिंटरचे हेड (शाई सोडणारा भाग) साफ करण्याच्या मागे लागतात. नोझल चेक (हेडवरच्या शाईच्या छिद्रांची चाचणी) निर्दोष येतो, शाई वाया जाते आणि पुढच्या प्रिंटवर ठिपके वेगळ्याच जागी उमटतात. ठिपक्यांची जागा दर वेळी बदलत असेल, तर दोष शाईच्या वाटेवर नसून कागदाच्या पृष्ठभागावर आहे असे समजायला हरकत नाही. बंद पडलेल्या नोझलमुळे सुटा ठिपका उमटत नाही. हेड ज्या दिशेने सरकते त्या दिशेने बारीक रेघ उमटते.

या विषयावर सुटे प्रश्न वारंवार विचारले जातात आणि त्यांना परस्परविरोधी उत्तरे मिळतात. एक जण ब्रश वापरायला सांगतो, दुसरा स्प्रे सुचवतो, तिसरा कागदच बदलायला सांगतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते बहुधा एकाच दोषाविषयी बोलत नसतात. म्हणून उपायांकडे वळण्यापूर्वी दोन दोष वेगळे करून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पहिला दोष सुट्या कणांचा. कारखान्यात मोठा रोल कापून शीट तयार करताना कडेला कागदाचे तंतू आणि लेपाची भुकटी सुटते. ती गठ्ठ्यातल्या शीटांच्या मध्ये अडकते आणि पाकीट हलले की पृष्ठभागभर पसरते. छपाईच्या वेळी शाई त्या कणावर पडते, प्रिंट ताजा असताना सारे काही ठीक दिसते, आणि नंतर कण गळून पडला की त्याच्याखालचा कोरा, शाई न लागलेला लेप उघडा पडतो. दुसरा दोष खऱ्या अर्थाने लेप सुटण्याचा. यात शाईसकट लेपाचा पापुद्रा मूळ कागदापासून वेगळा होतो आणि खाली खड्डा उरतो. पहिल्या दोषात लेप शाबूत असतो, दुसऱ्यात तो जागेवर नसतो.

दोन्हींतला फरक ओळखायला आठ ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि अगदी तिरका पडणारा प्रकाश एवढे पुरते. टेबलावर प्रिंट सपाट ठेवून दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणावा. ठिपक्याच्या जागी पृष्ठभागाचा पोत आजूबाजूसारखाच दिसत असेल आणि फक्त रंग नसेल, तर तिथे कण होता आणि तो गळाला. ठिपक्याला कडा असतील, एका बाजूला सावली पडत असेल आणि तळाशी कापसाचे तंतू दिसत असतील, तर लेपच निघालेला आहे. तंतूमुळे झालेला ठिपका अनेकदा लांबट किंवा वाकडा असतो, हीदेखील एक खूण आहे.

आता हा लेप मुळात सुटतो का, याविषयी. शाई धरून ठेवणारा थर नुसत्या कागदात नसतो, तो वरून चढवलेला असतो. मॅट आर्ट पेपरमध्ये तो प्रामुख्याने सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो आणि ते कण पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या बंधकाने एकमेकांना जोडलेले असतात. शाई चटकन शोषली जावी म्हणून कणांच्या मध्ये मोकळ्या पोकळ्या राहाव्या लागतात आणि पोकळ्या राहण्यासाठी बंधक कमी ठेवावा लागतो. बंधक वाढवला तर थर चिवट होतो, पण शाई पसरते, काळा रंग मळकट होतो आणि सुकायला वेळ लागतो. त्यामुळे गडद काळा रंग आणि बारीक तपशील देणारा मॅट कागद स्वभावतःच थोडा ठिसूळ असतो. ही तडजोड कारखान्यातच झालेली असते आणि महागडा कागद घेतल्याने ती टळत नाही.

बराइटा कागदांची रचना थोडी वेगळी आहे. त्यांत मूळ कागदावर बेरियम सल्फेटचा थर असतो आणि त्याच्यावर शाई शोषणारा सच्छिद्र थर असतो. सुट्या भुकटीचा त्रास इथे कमी असतो, मात्र वाकवल्यावर बारीक तडे जाण्याचा धोका अधिक असतो. मॅट कागद भुकटी सोडतो आणि बराइटा तडकतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

पहिल्या दोषावरचा उपाय साधा आहे, फक्त तो छपाईपूर्वी करायचा असतो. शीट पाकिटातून काढल्यावर कडांना धरून उभे करावे, पाठीमागून बोटाने हलकेच टिचकी मारावी आणि मग मऊ, रुंद, स्वच्छ ब्रश मध्यापासून कडेकडे एकाच दिशेने फिरवावा. शेळीच्या केसांचा रुंद ब्रश किंवा ड्राफ्टिंगचा ब्रश चालतो. तो फक्त याच कामासाठी ठेवावा आणि त्याच्या केसांना बोटे लावू नयेत, कारण त्वचेचे तेल तिथून कागदावर जाते. शीट आडवे ठेवून ब्रश फिरवला तर भुकटी एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसते, म्हणून ते तिरके किंवा उभे धरणे आवश्यक आहे. पाठीची बाजू आणि चारही कडाही झटकाव्यात. गठ्ठ्यात एका शीटची पाठ दुसऱ्याच्या तोंडाला घासत असते, हे अनेक जण विसरतात.

तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचा सूक्ष्म थेंबसुद्धा मॅट लेपावर कायमचा डाग सोडतो. डब्यातल्या दाबलेल्या हवेचाही मोह टाळावा, कारण डबा तिरका झाला तर आतला द्रव बाहेर फेकला जातो. हाताने दाबायचा रबरी फुगा त्यापेक्षा बरा.

दुसऱ्या दोषाबाबत मात्र ब्रशने काही साधत नाही, उलट सैल झालेला पापुद्रा ब्रशनेच निघून येतो. त्याविषयी आपापले अनुभव लिहावेत.

---

शाईदौत

विवेचन उपयुक्त आहे. छपाईच्या बाजूने काही भर घालतो.

कण गळून पडतात ही चिंता प्रिंटची झाली, पण ते पडतात कुठे, हाही प्रश्न आहे. मॅट कॉटन कागदाची भुकटी प्लेटनवर (छपाईच्या वेळी कागद ज्यावर टेकतो त्या पाटावर), फीड रोलरवर आणि हेड जिथे विसावते त्या कॅपिंग स्टेशनच्या आसपास साचते. हेड पुसणाऱ्या वायपरवर तंतू चिकटला की पुसताना तोच तंतू हेडवर शाईचा पट्टा ओढतो. आर्ट पेपर नियमित वापरणाऱ्यांनी प्लेटनवरची भुकटी लिंट न सोडणाऱ्या कापडाने ठरावीक काळाने टिपून घ्यावी, अर्थात प्रिंटर बंद करून आणि हेडची जागा मोजणाऱ्या एन्कोडरच्या पारदर्शक पट्टीला धक्का न लावता.

लेप ओरखडला जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे हेड आणि कागद यांतले अंतर. जाड कागदाचा कोपरा किंचित वर आलेला असेल तर हेड त्याला घासून जाते, आणि तिथे लेप खरवडलेला दिसतो. त्याला पोपडे म्हणणे चुकीचे ठरेल, पण नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. घासल्याच्या खुणा हेडच्या प्रवासाच्या दिशेने असतात आणि बहुधा कडेपासून काही सेंटिमीटरच्या आतच सापडतात. सेटिंगमध्ये मीडियाचा, म्हणजे कागदाचा, प्रकार योग्य निवडला तर प्रिंटर हे अंतर स्वतः वाढवतो, अन्यथा प्लेटन गॅप (म्हणजे हेच अंतर) हाताने रुंद करावा. कॅननच्या जुन्या काही प्रिंटरांमध्ये आर्ट पेपर निवडला की ३५ मिलिमीटरचा समास सक्तीने सोडावा लागत असे आणि त्यावर लोक फार चिडत. त्यामागचे कारण हेच होते : शीटच्या टोकांना कागद पुरेसा पकडीत नसतो आणि तिथेच हेड घासण्याची शक्यता सर्वाधिक असते.

मीडियाची निवड आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. चुकीच्या निवडीमुळे शाई गरजेपेक्षा जास्त पडली तर ओला लेप फुगतो, मऊ होतो आणि त्या अवस्थेत स्टार व्हील (कागद पुढे नेणारे दातेरी चाक) किंवा रोलर त्यावरून गेला तर खूण राहते. मॅट कागदावर एका मर्यादेनंतर जास्त शाई ओतल्याने काळा अधिक गडद होतही नाही. चांगल्या मॅट कागदावर काळ्याची घनता (तो किती गडद आहे याचे माप) साधारण १.६ ते १.७ च्या आसपास थांबते, बराइटावर ती २.२ च्या पुढे जाते. मॅटवर बराइटाचा काळा आणण्याचा हट्ट सोडलेला बरा.

शीट वरच्या फीडरमधून वळवून नेण्यापेक्षा मागच्या किंवा पुढच्या सरळ मार्गाने न्यावे, हे सांगायला नकोच. ३०० जीएसएमच्या (ग्रॅम प्रति चौरस मीटर) वरचा कागद जितका कमी वळेल तितका चांगला.

---

नवछपाई

दोघांचेही आभार. माझ्याकडे रोल आहे, शीट नाहीत. रोलच्या शेवटच्या भागात प्रिंट काढले की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक आडव्या रेषा दिसतात. त्या भिंगातून पाहिल्या तर तडे वाटतात. छपाईनंतर वळण काढण्यासाठी मी प्रिंट उलट बाजूने गुंडाळून ठेवतो. त्यामुळे हे होत असेल का? आणि हिवाळ्यात हे प्रमाण वाढते, तो केवळ योगायोग आहे का?

---

कागदवेडा (धागालेखक)

योगायोग नाही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे हवेतली आर्द्रता शोषते आणि ती आर्द्रताच त्याला लवचीक ठेवते. हवा कोरडी झाली की बंधकातले पाणी निघून जाते आणि थर काचेसारखा ठिसूळ होतो. शिवाय खालचा कापसाचा कागद आर्द्रतेनुसार आखडतो आणि प्रसरतो, आणि वरचा लेप त्याच प्रमाणात आखडत किंवा प्रसरत नाही. दोघांच्या सांध्यावर ताण येतो तो तिथेच. कोरड्या हवेत स्थिर विद्युतही वाढते आणि भुकटी कागदाला अधिक चिकटून राहते, म्हणजे दोन्ही दोष एकाच ऋतूत डोके वर काढतात.

छपाईच्या खोलीत सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावी. साधा आर्द्रतामापक प्रिंटरशेजारी ठेवावा आणि आकडा ४० च्या खाली असेल त्या दिवशी उलट गुंडाळण्याचे काम हाती घेऊ नये. बाहेरून आणलेला कागद पाकिटातच किमान एक दिवस खोलीत राहू द्यावा.

रोलच्या शेवटी वळण सर्वांत घट्ट असते, कारण तिथे कागद तीन इंची गाभ्याला जवळजवळ चिकटून गुंडाळलेला असतो. लेप आतल्या बाजूला असेल तर तो महिनोन्‌महिने दबलेल्या अवस्थेत राहतो, आणि आपण उलट गुंडाळतो तेव्हा तोच एकदम ताणला जातो. दाब सहन करण्याची ठिसूळ थराची क्षमता ताण सहन करण्यापेक्षा जास्त असते, म्हणून तडे उलट गुंडाळताना पडतात. तुमच्या रेषा वळणाच्या अक्षाला समांतर असतील तर शंकेला जागा उरत नाही.

वळण काढायचेच असेल तर ते छपाईपूर्वी, कापलेल्या कोऱ्या शीटवर काढावे आणि शक्य तितक्या मोठ्या व्यासाच्या नळीवर, हळूहळू काढावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कापलेली शीट स्वच्छ बोर्डांच्या मध्ये वजनाखाली काही दिवस सपाट ठेवणे. वेळ लागतो, पण लेपाला धोका नाही. बराइटा असेल तर रोलचे शेवटचे काही मीटर मोठ्या प्रिंटसाठी वापरूच नयेत, ते टेस्ट स्ट्रिप आणि रंग जुळवण्याच्या प्रोफाइलच्या चार्टसाठी राखून ठेवावेत.

---

चौकटवाला

मी फ्रेमिंगचे काम करतो आणि छापणाऱ्यांच्या हातून सुटलेला प्रिंट माझ्याकडे येतो, त्यामुळे थोडे कडक लिहितो आहे.

कापणे हा विषय वर फारसा आलेला नाही. बोथट पात्याने कापलेल्या कॉटन कागदाची कड भिंगाखाली पाहिली तर लेप कडेपासून आतपर्यंत कपचे उडाल्यासारखा तुटलेला दिसतो, आणि फ्रेममध्ये काचेच्या आत खाली पांढरी भुकटी साचते ती तिथूनच. पाते बदलण्यात कंजुषी करू नये. कापताना प्रतिमेची बाजू वर ठेवावी, म्हणजे पाते लेपाला कागदाच्या आत दाबत जाते. पाठीकडून कापले तर पाते बाहेर पडताना लेप उचलून धरते. रोलवर छापणाऱ्यांनी जाड कॉटन कागदासाठी प्रिंटरचा अंगचा कटर बंद ठेवावा आणि शीट बाहेर आल्यावर वेगळे कापावे, कारण तो कटर नेमकी प्रिंटरच्या आतच भुकटी उडवतो.

हल्ली फाटलेल्या कडेची, म्हणजे डेकल एजची, हौस वाढली आहे. पट्टी लावून कागद फाडला की लेप त्या रेषेवर तुटतो. दिसायला ते सुंदर असते, परंतु फाडल्यावर ती कड मऊ ब्रशने झटकून सैल कण काढले नाहीत, तर ते कण पुढे वर्षभर प्रतिमेवर पडत राहतात. तीच गोष्ट उठावाच्या शिक्क्याची. शिक्का प्रतिमेवर मारला तर लेपाला तडा जाणारच, तो कोऱ्या समासात मारावा, आणि बराइटावर मारूच नये.

दोन प्रिंटमध्ये काय ठेवता याकडेही लक्ष द्यावे. प्रिंट एकावर एक ठेवून वरचा ओढून काढण्याची सवय अत्यंत वाईट आहे. मध्ये आम्लमुक्त, गुळगुळीत कागद किंवा ग्लासिन (अर्धपारदर्शक, गुळगुळीत कागद) ठेवावा आणि प्रिंट नेहमी दोन्ही हातांनी उचलावा, सरकवू नये. मॅट काळ्यावर नखाचा नुसता स्पर्शही चकाकता ओरखडा सोडतो, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

नळीतून प्रिंट पाठवणाऱ्यांना विनंती आहे की सहा इंचांपेक्षा लहान व्यासाची नळी जाड कागदासाठी वापरू नये. प्रतिमा आत ठेवावी की बाहेर, यावर आमच्या व्यवसायात वाद आहे. मी आत ठेवतो, कारण वर सांगितल्याप्रमाणे ठिसूळ थर दाब सहन करतो आणि आतल्या बाजूला घासण्याची भीती कमी असते. सपाट पाठवता येत असेल तर हा वादच उरत नाही.

---

शाईदौत

आत ठेवण्याशी सहमत आहे, मात्र उघडणाऱ्याने तो प्रिंट लगेच उलट वाकवून सपाट करण्याचा प्रयत्न केला तर सगळी काळजी व्यर्थ जाते. नळीत एक चिठ्ठी टाकावी : आधी एक दिवस खोलीत राहू द्या, मग उघडा, आणि वजनाखाली सपाट करा.

---

नवछपाई

या सगळ्यावर सोपा उपाय म्हणून संरक्षक स्प्रे का सुचवला जात नाही? हानेम्युलेसारख्या कागद बनवणाऱ्या कंपनीचाच स्प्रे मिळतो. प्रिंट काढल्यावर दोन-तीन हात स्प्रे मारला की सैल कण जागीच चिकटून बसतील, असे मला एका ओळखीच्या छायाचित्रकाराने सांगितले.

---

कागदवेडा (धागालेखक)

स्प्रेला माझा विरोध नाही, त्याच्याकडून ठेवल्या जाणाऱ्या अपेक्षेला आहे. हे स्प्रे बहुतांशी द्रावकात विरघळवलेल्या रेझिनचे असतात. पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तो घासण्यापासून, बोटांच्या ठशांपासून आणि काही अंशी वायुप्रदूषणापासून प्रिंटला वाचवतो. मॅट कागदावर त्याने काळा किंचित गडदही दिसतो. परंतु जो कण लेपाला चिकटलेलाच नाही, त्याला स्प्रेने वरून झाकून टाकले तर तो आज पडत नाही एवढेच. पुढे कधीतरी प्रिंट वाकला की तो कण आजूबाजूचा स्प्रेचा पापुद्रा बरोबर घेऊन सुटतो आणि मूळ ठिपक्यापेक्षा मोठी जागा उघडी पडते. म्हणून क्रम असा ठेवावा : छपाईपूर्वी ब्रश, छपाई, सुकण्यासाठी किमान चोवीस तास, मग सैल कण पडतात का हे पाहण्यासाठी शीट उभे धरून पाठीवर हलकी टिचकी, ठिपके दिसल्यास रीटच (ते रंगाने भरणे), आणि सर्वांत शेवटी स्प्रे.

चोवीस तासांची अट यासाठी की रंगद्रव्याच्या (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाईत पाण्याबरोबर ग्लायकोलसारखे सावकाश उडणारे द्रवही असतात. प्रिंट हाताला कोरडा लागला तरी ते लेपाच्या पोकळ्यांत असतात. त्यांच्यावर स्प्रेचे झाकण घातले, किंवा प्रिंट लगेच काचेमागे बंद केला, तर ते बाहेर पडताना पृष्ठभागावर किंवा काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर आणतात. स्प्रे दमट हवेत मारला तरी पांढुरकी झाक येते. एकदा जाड मारण्यापेक्षा दिशा बदलून पातळ हात द्यावेत, खोलीला भरपूर वारा असावा आणि द्रावकाच्या वाफेला चालणारा मास्क लावलेला असावा. कापडी मास्क या कामाचा नाही.

दुसऱ्या दोषात, म्हणजे लेपच कागदापासून सुटत असेल तर, स्प्रे जवळजवळ निरुपयोगी आहे. सांधा खाली निखळला आहे आणि आपण वरून रंगसफेदी करतो आहोत.

रीटचबद्दल थोडेसे. मॅट कागदावर पांढरा ठिपका भरणे अवघड नाही. प्रिंटरच्याच रंगद्रव्याच्या शाईचा थेंब काचेवर घेऊन पाण्याने फिकट करावा आणि ट्रिपल झीरोच्या (अगदी बारीक) ब्रशने ठिपक्यात टेकवत टेकवत रंग वाढवावा, ब्रश ओढू नये. सुरुवात हव्या त्या छटेपेक्षा फिकट रंगाने करावी, कारण गडद झालेले परत फिकट करता येत नाही. चांगल्या प्रतीच्या रंगीत पेन्सिलीही चालतात. डाय (विरघळलेला रंग) असलेली स्पॉटिंग पेने, म्हणजे ठिपके भरायची पेने, टाळावीत. प्रिंटच्या तुलनेत ती वेगळ्या वेगाने उडतात आणि काही वर्षांनी रीटच केलेली प्रत्येक जागा बोट दाखवून उभी राहते. बराइटावर रंग जुळला तरी चमक जुळत नाही, म्हणून तिथे एक-दोन अगदी बारीक ठिपक्यांपलीकडे मी जात नाही, नवा प्रिंट काढतो.

---

जुनीपाने

मी हाताने बांधलेले फोटो अल्बम करते. आपल्या चर्चेत घडीचा प्रश्न आलेला नाही आणि आमच्या कामात पोपडे नेमके तिथेच सुटतात. दोन्ही बाजूंनी लेप असलेला मॅट कागद घडी घातला की वळणाच्या बाहेरच्या बाजूला लेप फुटतो आणि काळ्या प्रतिमेच्या मधोमध पांढरी रेघ उभी राहते.

माझ्या अनुभवाने त्यावर पूर्ण इलाज नाही, पण नुकसान कमी करता येते. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेला समांतर असावी. ही दिशा ओळखायला एक कातरण ओले करून पाहावे. ते ज्या अक्षाभोवती वळते तीच तंतूंची दिशा. घडीपूर्वी हाडाच्या किंवा टेफ्लॉनच्या फोल्डरने खाच पाडावी आणि खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी. एवढे करूनही गडद प्रतिमा घडीवरून नेऊ नये असेच मी ग्राहकांना सांगते. ज्यांना ती न्यायचीच असते त्यांच्यासाठी पाने घडी न घालता पट्टीने जोडते, म्हणजे वळते ती पट्टी.

दुसरे असे की अल्बममध्ये समोरासमोरची पाने एकमेकांना घासतात. स्प्रेचा खरा उपयोग मला तिथे दिसला आहे. भिंतीवरच्या प्रिंटला एकदा फ्रेम झाली की कोणी हात लावत नाही, अल्बमला मात्र प्रत्येक पाहुणा हात लावतो.

---

जतन

कागदावरच्या कलाकृतींच्या संवर्धनाशी माझा संबंध आहे, त्या बाजूने लिहिते.

पोपडे सुटण्याचा हा प्रश्न लेपाबरोबर आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९९१ साली नॅश एडिशन्स या अमेरिकी छपाई स्टुडिओने आयरिस या इंकजेट प्रिंटरवर कलात्मक प्रिंट काढायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी तिथले छपाईकार जॅक डुगान यांनी अशा प्रिंटसाठी ‘जिक्ले’ हे नाव रूढ केले, तेव्हा ही छपाई बऱ्याचदा लेप नसलेल्या जलरंगाच्या कागदावर होत असे. तिथे सुटायला काही नव्हतेच. त्या डाय शाई मात्र लवकर उडत आणि लेपाशिवाय कागदावर काळाही फिका दिसे. रंगद्रव्याच्या शाई आणि खास लेप यांनी तो प्रश्न बराचसा सोडवला, आणि प्रतिमा कागदाच्या तंतूंतून उठून एका पातळ, ठिसूळ थरात आली. म्हणून संवर्धनात आम्ही या प्रिंटना जलरंगाच्या चित्रासारखे वागवत नाही. लेप गेला की प्रतिमा गेली, खाली तिचा मागमूस राहत नाही.

पोपडे सुटू लागलेला जुना, स्वाक्षरी केलेला प्रिंट कोणाकडे असेल तर घरी गोंद, फिक्सेटिव्ह किंवा पाण्यात मिसळलेला कोणताही चिकट पदार्थ लावू नये. लेप सच्छिद्र असल्यामुळे तो द्रव क्षणात ओढून घेतो, पसरलेला डाग परत काढता येत नाही, आणि शाई डायची असेल तर ती डागाबरोबर वाहते. प्रिंट सपाट ठेवावा, प्रतिमा वर असावी, पृष्ठभागाला काही टेकू नये आणि तिरक्या प्रकाशात त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. पडलेले पापुद्रे फेकू नयेत, लहान पाकिटात घालून प्रिंटबरोबर ठेवावेत. मग संवर्धकाला दाखवावा.

साठवणीत आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये आणि ५० च्या फार वर चढू देऊ नये. त्याहूनही वाईट म्हणजे दिवसागणिक होणारे चढउतार, कारण लेप आणि कागद यांच्या सांध्याला प्रत्येक चढउताराबरोबर एक हेलकावा बसतो. थंड साठवणीतून काढलेला प्रिंट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पाकिटातच राहू द्यावा आणि तोवर वाकवू नये.

कोरडे माउंटिंग, म्हणजे उष्णता देऊन बोर्डावर चिकटवणे, मी टाळायला सांगते. पाठीला वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या लावल्या की कागदाला आर्द्रतेनुसार हलायला मोकळीक राहते.

---

चौकटवाला

बिजागऱ्यांना पूर्ण पाठिंबा. फक्त खळ अगदी घट्ट आणि कमी घ्यावी, कारण पाणीदार खळीने त्या जागी कागद फुगतो आणि समोरून ती जागा उठून दिसते.

---

नवछपाई

आता शेवटचा प्रश्न. सगळी काळजी घेऊनही एका पाकिटातल्या शीटांवर लेप सुटतो आहे, आणि त्याच कागदाच्या आधीच्या पाकिटात असे काही नव्हते. विक्रेता म्हणतो की दोष माझ्या प्रिंटरचा आहे. हे सिद्ध कसे करायचे?

---

कागदवेडा (धागालेखक)

प्रिंटरला प्रकरणातून बाहेर काढावे, म्हणजे वाद संपतो. दोन्ही पाकिटांतले एकेक कोरे शीट घ्यावे, दोन्ही एक दिवस त्याच खोलीत राहू द्यावेत आणि आर्द्रता लिहून ठेवावी. पहिली चाचणी भुकटीची : काळ्या मऊ कापडाचा तुकडा दोन्हींवर सारख्याच हलक्या दाबाने एकदा फिरवून कापडावर किती पांढरे येते ते पाहावे. दुसरी चाचणी पकडीची : रंगकामात वापरतात तो कमी चिकट मास्किंग टेप एकाच रीळातून घेऊन दोन्हींवर सारखा दाबावा, ठरावीक वेळ ठेवावा आणि स्वतःवरच दुमडून सावकाश ओढावा. थोडी भुकटी चांगल्या मॅट कागदावरूनही येते. पाहायचे असते ते दोन पाकिटांमधले अंतर. टेपवर लेपाचा सलग पापुद्रा आला आणि खाली तंतू दिसले तर प्रिंटरचा संबंधच उरत नाही. तिसरी चाचणी वाकवण्याची : दोन्हींच्या पट्ट्या एकाच जाडीच्या नळीभोवती, लेप बाहेर ठेवून, वळवाव्यात आणि तडे भिंगातून पाहावेत.

त्यानंतर एक पूर्ण काळे पान अर्धे ब्रशने झटकून आणि अर्धे न झटकता छापावे. झटकलेल्या अर्ध्या भागातही ठिपके तितकेच असतील, तर दोष सुट्या कणांचा नाही हे त्या एका पानावरच दिसते.

विक्रेत्याला पाठवताना पाकिटावरचा बॅच क्रमांक, दोन्ही टेप, तिरक्या प्रकाशातली छायाचित्रे आणि दोन्ही पाकिटांतले एकेक न छापलेले शीट द्यावे. छापलेला प्रिंट एकटा पाठवला की चर्चा पुन्हा मीडिया सेटिंग आणि शाईकडे वळते. पाकिटाचे मूळ वेष्टन जपून ठेवा. बॅच क्रमांक बहुधा त्यावरच असतो आणि नेमके तेच पहिल्या दिवशी कचऱ्यात जाते.

---

शाईदौत

एक पुरवणी : टेपची चाचणी शीटच्या मध्यावरही करावी आणि कडेजवळही. केवळ कडेला लेप सुटत असेल तर दोष कापण्याचा किंवा पाकीट आपटण्याचा असू शकतो आणि समास सोडून ते शीट वापरता येते. मध्यावरही सुटत असेल तर ते पाकीट छपाईला वापरू नये, परत करावे.